साडूला सुचवलेले टायर

क्लबात पोस्टमनला सगळे ‘हमाल’ म्हणायचे. तुम्हाला वाटेल, टपालाची पिशवी वाहतो म्हणून. छे! त्या सायकल क्लबाची एक जुनी रीत होती. वर्षातून एकदा चाळिशीपुढच्यांची रेस व्हायची, साठ किलोमीटरची. तिच्यात जो दुसरा येईल त्याने पहिल्याची सायकल खांद्यावर घ्यायची आणि शेवटच्या रेघेपासून क्लबाच्या पायरीपर्यंत, शंभरेक पावलं, वाहून न्यायची. पहिल्याने मोकळ्या हाताने मागून चालायचं आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या. आमचा पोस्टमन सलग नऊ वर्षं दुसरा आला होता. मग हमाल नाही म्हणणार तर काय सरदार म्हणणार?

पण त्या हमालीतून त्याने एक विद्या मिळवली होती. जिंकणारे लोक लबाड, आपण कुठले टायर घातलेत ते विचारलं की हसून विषय बदलायचे. हा मात्र शंभर पावलं त्यांचं चाक कानाशी घेऊन चालायचा आणि चालता चालता अंगठ्याने टायर दाबून बघायचा. किती मऊ, कड किती पातळ, मधला भाग किती झिजलाय, सगळं अंगठ्याला कळायचं. नऊ वर्षांत तो अंगठा असा तयार झाला की दुकानदार त्याला गल्ल्याच्या आत बोलावून खोकी उघडायला लावायचा. हा टायरचा वास घेणार, दोन बोटांत वाकवणार, अंगठ्याने दाबणार आणि मग सांगणार, सरावाला हा घे, रेसला तो. त्याचा शब्द शेवटचा.

त्याचं म्हणणं सरळ होतं. सरावाचा टायर जाड हवा, रबराखाली पंक्चर अडवणारी पट्टी हवी, पाच-सहा हजार किलोमीटर रेटला तरी त्याने हूं की चूं करता कामा नये. रेसचा टायर हलका, मऊ, पातळ कडेचा. तो काच-खडा सोसत नाही, लवकर झिजतो, पण त्या दिवशी पळतो. दोन्ही कामं एकाच टायरकडून करून घेणारा माणूस एकतर कंजूष नाहीतर खुळा, असं तो चारचौघांत म्हणायचा. घरात मागच्या खोलीच्या भिंतीवर झिजलेल्या टायरांची रांग खिळ्यांना टांगलेली होती आणि प्रत्येकावर खडूने किती किलोमीटर चालला ते लिहिलेलं. बायको म्हणायची, लोकांच्या भिंतीवर नातवंडांचे फोटो असतात.

तर यंदा त्याची पाळी होती. सात वर्षं पहिला येणारा बेकरीवाला गुडघ्याचं ऑपरेशन करून बसला होता. क्लबाच्या दाराशी विजेत्यांच्या नावांची लाकडी पाटी होती, पिवळ्या रंगात लिहिलेली. पोस्टमनने त्या पाटीवरची रिकामी ओळ मनातल्या मनात कितीदा भरून टाकली होती. आणि नेमका तेव्हाच साडू टपकला.

साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, दातांचा डॉक्टर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण या गृहस्थाचं लोकांचे दात कोरूनच उत्तम भरत होतं. घर मोठं, बायको खूश, बोलणं गोड. लग्नापासून पोस्टमनच्या डोळ्यांत तो खुपत आला होता. तरी इतकी वर्षं एक समाधान होतं की डॉक्टरला दोन जिने चढले तर धाप लागते. सायकल ही पोस्टमनची जागा होती, तिथे साडूचा वावर नव्हता. दीड वर्षापूर्वी तेही गेलं. डॉक्टरने वजन कमी करायला म्हणून सायकल घेतली आणि सहा महिन्यांत पोट आत, पिंढऱ्या टणक. बायको जेवताना म्हणाली, “भावोजींनी काय तब्येत केलीय हो!” पोस्टमनने पुढची पोळी नको म्हटलं. त्याच सुमारास त्याची खालची दाढ किडायला लागली होती. बायकोने दहादा सांगितलं, घरचा डॉक्टर आहे, दाखवा. पण त्या माणसासमोर आ करून बसायचं? मेलो तरी बेहत्तर, असं म्हणून तो लवंग चघळत राहिला.

मागच्या रेसला डॉक्टर परगावी होता. यंदा त्याने नाव दिलं. सरावाच्या एका सकाळी पाण्याच्या टाकीच्या चढावर तो पोस्टमनच्या शेजारून गप्पा मारत मारत वर गेला. गप्पा मारत! पोस्टमनच्या तोंडून शब्द फुटत नव्हता आणि हा विचारतोय की मुलीला कुठल्या कॉलेजात घालावं. नऊ वर्षं घाम गाळला याने आणि आयत्या बिळावर नागोबा तो. पोस्टमन इतका जळला की त्या दिवशी तीन घरची पत्रं चुकीच्या पेटीत टाकून आला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

आणि पुढच्याच रविवारी डॉक्टर स्वतःहून घरी आला. पंक्चरने जीव मेटाकुटीला आलाय म्हणाला, आठवड्यात दोनदा चाक बसतंय. टायर तुम्हीच निवडून द्या, तुमच्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवून आलोय. पोस्टमनने त्याला दुकानात नेलं. सरावासाठी जाड टायर काढून दिले, खरोखर चांगले, त्यात काही काळंबेरं नव्हतं. शिकवलंसुद्धा, हे असं अंगठ्याने दाबायचं, पट्टी असेल तर अंगठा आत जात नाही, रेसच्या टायरमध्ये लोण्यासारखा जातो. डॉक्टरने दाबून बघितलं. हात कसबी होता, एका फटक्यात त्याला कळलं. मग त्याने साधा प्रश्न विचारला, रेससाठी दुसरे घ्यायचे ना? तुम्ही क्लबात म्हणता तसे?

दुकानदार गिऱ्हाइकाकडे गेला होता. पोस्टमन म्हणाला, “ते तरण्या पोरांना सांगायला. आपल्या वयाला टिकाऊच बरे. मी रेसलाही हेच वापरतो.”

शेवटचं वाक्य त्याने ठरवून म्हटलं नाही. ते आपसूक बाहेर पडलं आणि पडल्यावर परत घेता येईना. डॉक्टरने मान डोलावली आणि जाड टायरांची ती एकच जोडी घेऊन, आभार मानून गेला. त्या रात्री पोस्टमनला छान झोप लागली, हे सांगायला वाईट वाटतं, पण लागली.

पुढे तीन महिने डॉक्टर भेटेल त्याला सांगत सुटला. एक पंक्चर नाही, साडूभाऊंनी काय टायर दिलेत! खरं सांगून टाकावं असं दोनदा पोस्टमनच्या ओठावर आलं. पण तेवढ्यात डॉक्टर चढावर पुढे निघायचा, त्याची ती रुंद पाठ दिसायची आणि ओठावर आलेलं परत पोटात जायचं. बरं, गंमत बघा. इतके जड टायर रेटून रेटून डॉक्टरच्या पायांत आणखीच बळ येत होतं. जळणाऱ्या माणसाला तेही दिसतं आणि मग तो दुप्पट जळतो.

रेसच्या आदल्या संध्याकाळी पोस्टमनने आपले जाड टायर उतरवले आणि कपाटातून हलकी जोडी काढून चढवली. बायको दारात उभी राहून बघत होती. तिला सायकलमधलं फार कळत नव्हतं, पण वीस वर्षं ती ही अदलाबदल बघत आली होती. तिने विचारलं की भावोजींना हे सांगितलंत ना? तो पंपाने हवा भरत राहिला. पंपाचा आवाज फार होतो, ऐकू येत नाही, असं त्याने नंतर स्वतःला सांगितलं. ती आत निघून गेली.

सकाळी तो मुद्दाम रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला. पहिल्या तीस किलोमीटरात अर्धे गळाले. पन्नासाव्याला चौघे उरले आणि टाकीच्या चढावर दोघेच, पोस्टमन आणि साडू. वर पोचले तेव्हा डॉक्टर एक सायकलभर पुढे होता. पण मग चारशे मीटरची सपाटी होती, आणि तिथे पायांइतकंच चाकांचंही काम असतं. पोस्टमनने जोर लावला तशी सायकल सुटली. शेजारी डॉक्टरची जड चाकं रस्त्यावर घरघरत होती, तो आवाज त्याला स्वच्छ ऐकू येत होता. रेघेवर फरक पडला अर्ध्या चाकाचा.

जिंकला! नऊ वर्षांनी हमाल जिंकला! लोकांनी त्याला उचलला, बेकरीवाल्याने कुबडीसकट येऊन मिठी मारली. डॉक्टर धापा टाकत, तोंडभर हसत आला आणि म्हणाला की पहिल्याच वर्षी दुसरा आलो, एकही पंक्चर नाही, ही सगळी तुमची कृपा. एवढं सुख पोस्टमनला आयुष्यात झालं नव्हतं. आणि त्या सुखात कुणीतरी ओरडलं, “चला, सायकल उचला!”

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. नऊ वर्षं ज्याने सायकल वाहिली त्याला आपली सायकल कुणीतरी वाहणार आहे, हे एकदाही सुचलं नव्हतं. हा माणूस दुसरं येण्यात इतका मुरला होता की पहिल्याचं काय होतं याचा विचार करायचंच राहून गेलं. तो म्हणाला, राहू द्या डॉक्टर, दमलायत, मी नेतो. लोक हसले. रीत म्हणजे रीत.

डॉक्टरने सायकल खांद्यावर घेतली. पुढचं चाक त्याच्या कानाशी आलं. पोस्टमन मोकळ्या हातांनी मागून चालत होता, दोन्ही बाजूंना टाळ्या चालू होत्या आणि त्याची नजर डॉक्टरच्या उजव्या हातावर खिळली होती. वीस पावलं काही झालं नाही. मग तो हात सहज चाकावर गेला आणि अंगठ्याने टायर दाबला. शिकवलं होतं तसाच. अंगठा आत गेला. डॉक्टरने एकदाच दाबलं, पुन्हा नाही. चालही बदलली नाही. पायरीशी त्याने सायकल अलगद टेकवली, पोस्टमनशी हात मिळवला आणि अभिनंदन म्हणाला. बायकोला आणि मेहुणीला काही दिसलं नाही. पोस्टमनला मात्र दिसलं होतं, की हात मिळवताना डॉक्टर त्याच्याकडे बघत नव्हता.

आठवड्याने पेंटरने पाटीवर नाव लिहिलं. पोस्टमन एकदा जाऊन बघून आला. अक्षरं सुबक होती. मग तो क्लबात जाईनासा झाला, कामाचं निमित्त सांगून. डॉक्टर कुणालाच काही बोलला नव्हता, आणि याच गोष्टीने पोस्टमनचा जीव खाल्ला. बोंब मारली असती तर उलट भांडता तरी आलं असतं. अशात दाढेने डोकं वर काढलं. गाल सुजला, कान ठणकायला लागला, पत्ते वाचताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. दुसऱ्या डॉक्टरकडे जातो म्हणाला तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, का? शेवटी तो साडूच्याच दवाखान्यात जाऊन बसला.

डॉक्टरने त्याला खुर्चीत घेतलं, दिवा ओढला, आ करा म्हणाला. मग इंजेक्शन दिलं, गालात कापूस कोंबला आणि कामाला लागला. हात इतका हलका की कळही आली नाही. पोस्टमन छताकडे बघत होता. यापेक्षा दुखलं असतं तर बरं, असं त्याला वाटत होतं. तोंडात आरसा आणि कापूस असताना डॉक्टर शांतपणे म्हणाला, “रेसलाही हेच वापरतो, म्हणाला होतात.”

आता यावर काय बोलणार? जीभ हलेना, ओठ हलेना. पोस्टमनच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. ते दाढेचं नव्हतं.

दाढ निघाली. डॉक्टरने कापूस काढला, पेला पुढे केला, चूळ भरायला सांगितली. पोस्टमनने चूळ भरली. उठता आलं असतं, पण उठला नाही. अर्धं तोंड बधिर असताना जड जिभेने म्हणाला, “जळत होतो मी तुमच्यावर. पहिल्यापासून.”

डॉक्टर हात धूत होता. पाठ तशीच ठेवून म्हणाला, “ते मला ठाऊक आहे, भाऊ. दाढ सडेपर्यंत आला नाहीत, त्यावरून न कळायला मी काय लहान आहे? जळा की. साडूच आपण.” मग त्याने नळ बंद केला. “पण टायरबद्दल तुम्ही खोटं बोलाल, असं नव्हतं वाटलं.”

नवा कापूस दाबून धरायला सांगून, दोन तास काही खाऊ नका असं बजावून त्याने पुढच्या माणसाला आत बोलावलं. पोस्टमन गाल धरून बाहेर आला. बाकावर नंबर लावून बसलेल्या बाईने घाबरत विचारलं, फार दुखलं का हो? डॉक्टरांचा हात हलका आहे म्हणतात.

हलकाच आहे, असं त्याला सांगायचं होतं. पण कापूस दाताखाली होता, म्हणून त्याने नुसती मान हलवली आणि सायकलचं कुलूप काढायला खाली गेला.