फुप्फुसं मागायला गेलो तेव्हा

आमच्या धंद्यात मागायची लाज बाळगून चालत नाही. आमचं घराणं पिढ्यानपिढ्या रामकुंडावर पौरोहित्य करतं. दक्षिणा आम्ही मागून घेतो आणि कमी वाटली तर तोंडावर सांगतो. पण डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, की गुरुजी, तुमची दोन्ही फुप्फुसं कामातून गेली आहेत, दुसरी मिळाली तरच काही खरं आहे, तेव्हा हे मागणं कोणाकडे आणि कोणत्या तोंडाने मागायचं ते मला कळेना.

आजाराचं नाव फायब्रोसिस. फुप्फुसं शिळ्या भाकरीसारखी कडक होत जातात. हवा आत जाते, पण अंगी लागत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "कबुतरं पाळलीत का कधी?" म्हटलं, "मी नाही पाळली. घाटाने पाळलीत, आणि मी जन्मभर त्यांच्यात बसलोय." पिंडाचे तांदूळ, त्यावर कबुतरं, त्यांची विष्ठा, पिसं, शिवाय होमाचा धूर. नेमकं कशाने झालं हे छातीठोक सांगता येत नाही म्हणे. मी सुपारीच्या खांडालासुद्धा हात लावला नाही कधी, आणि माझ्या शेजारी बसून बिड्या फुंकणारा अजून तिथेच बसून खणखणीत मंत्र म्हणतोय. मला राग आला. अजूनही येतो.

तोपर्यंत हा आजार मी बेमालूम झाकला होता, कारण दम चोरणं ही आमची विद्याच आहे. श्राद्ध सांगताना श्वास पुरेनासा झाला की यजमानाला म्हणायचं, "आता पळीभर पाणी सोडा." तो बिचारा पळी शोधतो, पाणी सांडतो, बायकोकडे बघतो. तेवढ्यात आपण दोन श्वास खाऊन घ्यायचे. लोक म्हणायचे, गुरुजी किती सावकाश, शांतपणे सांगतात. मी मान डोलवायचो. पुढे घाटाच्या पायऱ्या चढवेनात, घरी प्राणवायूचं मशीन आलं, नाकात नळी आली, आणि घाटावरची माझी जागा पुतण्याकडे गेली.

फुप्फुसं बदलायचं ऑपरेशन मुंबईला होतं. पण तिथली डॉक्टर मंडळी महिन्यातून एकदा नाशिकला येतात, आणि आधीच्या तपासण्या इथेच करून घेतात. तपासण्या म्हणजे काय, तर दाखवण्याचा कार्यक्रम. डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापर्यंत. हृदय बघितलं, मूत्रपिंडं बघितली, हाडं बघितली. दातांच्या डॉक्टरने दोन दाढा काढून टाकल्या, कारण किडका दात पुढे जिवावर बेततो म्हणे. एका नळीत फुंकायला लावलं. तिथला माणूस माझ्या कानाशी ओरडत होता, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका." मी त्याला म्हटलं, बाबा रे, अजून असतं तर इथे आलो असतो का?

मग तपासणी करणाऱ्या एका पोरीने लांबलचक कॉरिडॉरमध्ये उभं केलं आणि सांगितलं, "काका, आता चालून दाखवा." झेपेल तेवढं चालायचं, दम लागला तर थांबायचं. आमची ही भिंतीशी खुर्चीवर बसली होती. ती पदराआड हसली आणि म्हणाली, "आता कळेल. तुमच्या घरच्यांनी मला चालून दाखव म्हटलं होतं, तेव्हा मला कसं वाटलं असेल."

मी निघालो. पण एकदा पाऊल टाकल्यावर मध्येच थांबायची सवय नाही हो. प्रदक्षिणा अर्धवट सोडत नाहीत. त्यात चालताना ओठ आपोआप मंत्र पुटपुटायला लागले. बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा घसरत गेला, आणि त्या पोरीने मला अक्षरशः दंडाला धरून खाली बसवलं. "काका, इथे नंबर काढायचा नाहीये," ती चिडून म्हणाली. मी म्हटलं, "अहो, पास व्हायचंय मला." ती म्हणाली, "इथे पास होणं म्हणजे काय तेच तुम्हाला समजलेलं नाही."

ते मला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. माणूस फार बरा असला तर त्याला फुप्फुसांसाठी थांबलेल्यांच्या यादीत घेत नाहीत, कारण ऑपरेशनचा धोका त्याहून मोठा. फार खचलेला असला तरी घेत नाहीत, कारण तो टेबलावरून उठायचा नाही. मधे एक फट असते. मी त्या फटीत होतो. पण तिथे किती दिवस राहीन, ते कोणीच सांगू शकत नव्हतं. "तेव्हा वेळ घालवू नका," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मी तयारच आहे." गर्वाने नाही सांगत, पण मला खात्रीच होती. माझं हृदय उत्तम, साखर नाही, व्यसन नाही. मला नाही घ्यायचं तर कोणाला?

आता फक्त समुपदेशक मॅडमशी बोलणं उरलं होतं. मला वाटलं, हे तर माझ्या डाव्या हाताचं काम. बोलण्यावरच तर पोट भरलंय.

त्या व्हिडिओ कॉलवर आल्या. आम्ही दोघं सोफ्यावर शेजारी बसलो. सवयीने हिने त्यांना चहा घेणार का म्हणून विचारलं, मग स्वतःच जीभ चावली. मॅडम हसल्या. मग एकेक विचारू लागल्या.

"काकू, काका आंघोळ स्वतः करतात?"

"हो तर. सगळं त्यांचं ते करतात."

"झोप?"

"छान लागते."

"ऑपरेशननंतर वर्षभर कोणीतरी सतत बरोबर लागेल. औषधं, स्वच्छता, पथ्यं, सगळं डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल."

"अहो, काही लागणार नाही. महिन्याभरात हिंडायला लागतील बघा."

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्हाला का करून घ्यायचंय हे ऑपरेशन?"

मी मांडी ठीक केली. म्हटलं, "हे बघा, देह नाशवंत आहे. आज ना उद्या सगळ्यांनाच जायचंय. मिळालं तर त्याची इच्छा, नाही मिळालं तरी त्याचीच इच्छा." झकास बोललो. असं बोललो की घाटावर रडणारी माणसं शांत होतात. ही माझ्याकडे कौतुकाने बघत होती.

दहाएक दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. यादीत कोणाला घ्यायचं ते ठरवणाऱ्या समितीने माझं नाव थांबवून ठेवलं होतं.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "का? काय कमी आहे माझ्यात?" त्या म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये काहीच कमी नाही. पण मॅडमना वाटलं, की तुमच्या घरच्यांना आजार किती पुढे गेलाय याची कल्पनाच नाही. तुम्हाला वर्षभर कोण सांभाळणार याचा भरवसा त्यांना वाटेना. आणि तुम्हाला स्वतःला ऑपरेशनची फारशी ओढ नाही, असंही त्यांचं मत पडलं. फुप्फुसं फार कमी मिळतात, गुरुजी. ज्याला मनापासून हवीत आणि ज्याचं घर ती सांभाळेल, त्यालाच द्यावी लागतात."

फोन ठेवला आणि मी हिच्यावर घसरलो. "मी स्वतः आंघोळ करतो? कधी केली मी शेवटची?"

ही शांतपणे म्हणाली, "घरात असलं बोलू नये."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या घरात दिवा विझवत नाहीत, शांत करतात. कुंकू संपत नाही, वाढतं. बाहेर पडताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते, म्हणून वाईट शब्द उच्चारायचा नाही. मीच हे लोकांना जन्मभर सांगत आलोय. माझ्या सोफ्यावर बसून, माझ्या वास्तूच्या कानावर पडेल असं, आपल्या नवऱ्याला धड श्वास घेता येत नाही हे ती कशी म्हणणार होती? आणि मी तरी काय केलं? मला विचारलं जगायचंय का, आणि मी बाराव्याचं बोललो.

"पुन्हा एकदा बोलायची संधी मागू," मी म्हटलं.

"मागा. पण मी घरात बोलणार नाही. तिकडे जाऊन सांगेन."

"अगं, दवाखान्यालाही वास्तू असते."

"त्यांची त्यांनी शांत करून घेतली असेल," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात मंडळी नाशिकला आली तेव्हा आम्ही गेलो. प्राणवायूचा छोटा सिलिंडर माझ्या खांद्याला, आणि खोलीत डॉक्टरीणबाई, मॅडम आणि आम्ही दोघं. मॅडमनी तेच प्रश्न पुन्हा विचारायला सुरुवात केली. हिने त्यांना हाताने थांबवलं.

"मीच सांगते," ती म्हणाली. "ह्यांना आंघोळ मी घालते. तांब्या उचलला तरी ओठ निळे पडतात. शर्टाची बटणं मी लावते. जेवताना दोन घास खाल्ले की थांबतात आणि मला काहीतरी विचारत बसतात. मीठ कुठे, फोन कोणाचा होता. मला वाटावं बोलतायत, म्हणून. मला सगळं कळतं. मी पण मुद्दाम लांबण लावून उत्तर देते, म्हणजे त्यांना तेवढा दम खाता येतो."

पळीभर पाणी सोडायला सांगून मी सगळ्या जगाला फसवलं होतं. हिलाही फसवतोय असंच मला वाटत होतं.

"झोपेत मशीनचा आवाज जरा बदलला तरी मी उठते," ती पुढे म्हणाली. "यांच्या नाकापाशी हात धरून बसते. मला काय काय शिकावं लागेल ते सांगा. इंजेक्शन द्यायला शिकेन. मुंबईत खोली घेऊन राहीन. स्वयंपाक उकळून, गाळून, म्हणाल तसा करेन. घाटाकडे फिरकू देणार नाही यांना, तीर्थसुद्धा तोंडात घालू देणार नाही. पण हे असेच राहिले तर जातील. वर्ष नाही काढणार. मला हे पाहिजेत."

जातील. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून हा शब्द मी कोणाच्याच बाबतीत ऐकला नव्हता. आणि पाहिजेत हा तर माझ्या बाबतीत कधीच नाही. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं. मग मला म्हणाल्या, "काका, तुम्हाला का हवंय हे?"

ते सगळं बोलणं माझ्या जिभेवर तयार होतं. नाशवंत देह, त्याची इच्छा. ते मी गिळलं.

"मला मरायचं नाही," मी म्हटलं. "हिच्याबरोबर राहायचंय. मला भूक लागते, मला राग येतो, मला पुतण्याचे उच्चार सुधारायचेत. द्या मला. मी सांभाळीन ती." एवढं बोलायला मला तीनदा थांबावं लागलं, आणि या वेळी मी ते लपवलं नाही.

हिने सगळ्यांसमोर माझा हात धरला. आमच्यात अशी पद्धत नाही. बाहेर गाडीत बसेपर्यंत तिने तो सोडला नाही.

समितीची बैठक झाली आणि माझं नाव यादीत गेलं. आता फुप्फुसं मिळाल्याचा फोन कधीही येईल आणि आला की लगेच निघायचं. ड्रायव्हर सांगून ठेवलाय, बॅग भरून ठेवलीय. रोज सकाळी मी व्यायाम करतो, सांगितलेलं सगळं खातो. मी उठणार त्या टेबलावरून, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण एक गोष्ट मला इतरांपेक्षा जास्त माहीत आहे. माझा फोन वाजेल त्याच दिवशी कुठल्यातरी घरातून माझ्यासारख्याच एखाद्या गुरुजींना फोन जाईल. पलीकडून आधी कोणी नीट बोलणारच नाही, मग एखादा लांबचा नातलग फोन हातात घेईल आणि विचारेल, सामान काय काय आणायचं. गेलेलं माणूस बहुधा तरुण असेल. हे फोन मी जन्मभर घेतलेत. तो आवाज मला पाठ आहे. तरीही मी मोबाइल छातीशी धरून बसतो, आणि तो वाजावा असं मला वाटतं.