दुधात उतरंल का

लेक झाली तवा मी माहेरी रेणापूरला होते, तिथं समदं बरं होतं. मुदखेडला सासरी आले आन् मंग हे सुरू झालं. लेकीला न्हाऊ घालायला बसलं की बाजूला हौद, भरलेला, आन् मला माझ्याच हाताचं भ्या वाटायचं. वाटायचं ह्या हातानं मी काहीतरी करून बसंन. करायचं नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं, पर इचार यायचा, रोज यायचा. मंग मी लेकीला ओल्या फडक्यानं नुसतं पुसून काढायची आन् आत्याला सांगायची, घातलं न्हाऊ. आत्या म्हंजे माझी सासू.

झोप लागंना, जेवन जाईना, डिंकाचा लाडू तोंडात तसाच फिरायचा. ह्यांना वाटलं ही उदास हाय. ह्यांचं टेसनाजवळ मोबाईल रिपेरिंगचं दुकान हाय, दिवसभर कुनाच्या तरी फोनवर इडिओ लावून बघत बसतेत. एक दिवस तसंच काही बघून आले आन् जेवतानी सांगाय लागले, बाहेरच्या देशात डॉक्टर लोक शोध लावून राहिले, एक मशरूम असतंय, त्याच्यातल्या औषधानं लई वर्षांची उदास मानसं बरी होऊन राहिली. औषध घेतलं की मानूस सफरीवर जातो म्हने, आन् बाजूला एकजन बसून ईचारतो, काय दिसून राहिलं?

आत्यानं ईचारलं, कोन्या गावाला जातो? हे म्हनले, मनातल्या मनात.

"मंग तिला रेणापूरलाच धाड की चार दिवस," आत्या म्हनली, "तेवढी सफर बास हाय."

पर ह्यांच्या डोक्यातून ते गेलं न्हाई. पावसानं उघडीप दिली होती, घरामागं उकिरड्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या. ह्यांनी त्या खुडल्या, धुतल्या, सुपात घालून पत्र्यावर वाळत टाकल्या. मशरूम म्हंजे छत्रीच की, म्हनले, नाव तेवढं इंग्रजी. आत्यानं सूप बघितलं आन् कपाळाला हात लावला.

"बायकूला कुत्र्याच्या छत्र्या चारतो का रं? इतकी जड झाली का ती तुला?"

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मला लई वाईट वाटलं, माझ्यापायी आजपोत कोनी उकिरड्यात वाकलं नव्हतं. आन् खरं सांगते, मला खायच्या होत्या. ह्यांना हौदाचं काही ठाव नव्हतं, मला वाटलं, खाल्ल्यावर माझे हात गप झाले तर सुटले मी, लेक बी सुटली. वाळल्या तशा ह्यांनी डब्यात भरून आनून दिल्या. मी एक हातात घेतली, तितक्यात आतून लेक रडली आन् मला पान्हा फुटला, झंपर समदं वलं झालं.

"हे दुधात उतरंल का?" मी ईचारलं.

ह्यांनी इडिओ परत लावला, शेवटपोत बघितला. दुधाचं त्यात काहीच नव्हतं. मंग हे घाबरले. डब्याला झाकन लावलं आन् म्हनले, चल नांदेडला.

दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीन बाई होत्या. मला वाटलं हासतेत आता. बाईंनी डबा उघडून बघितला, खाल्लं न्हाई ना म्हनून दोनदा ईचारलं आन् डबा आपल्याकडंच ठेवून घेतला. मंग ह्यांना समजावून सांगितलं. शोध चालू हाय ते खरं, पर ते मशरूम येगळं, मोजून मापून देतेत, काहींना बरं वाटलं, काही लई घाबरले बी, अजून पुरतं कळलेलं न्हाई. दूध पाजनाऱ्या बायांना त्यात घेतच न्हाईत. आन् आपल्या इथं कायद्यानं बंदी. उकिरड्यावरच्या छत्र्या तर जहरी निघाल्या असत्या, मानूस जातो.

हे खाली बघत बसले. बाईंनी त्यांना लेक घेऊन भाईर बसाय सांगितलं. मंग मला ईचारलं, लेकीबद्दल काही वंगाळ इचार येतेत का? आजपोत हे कोनाला सांगितलं नव्हतं. पर ईचारलं तर होतं कोनीतरी.

"येतेत," मी म्हनलं. "हौदाचे."

म्हनलं आता लेक काढून घेतील. बाई रागावल्या न्हाईत. म्हनल्या, बाळंतपनानंतर लई बायांना येतेत असे इचार, हा आजार हाय, गोळ्यांनी बरा होतो, दूध पाजत असली तरी चालनाऱ्या गोळ्या देते. "छत्री हातात असून तू दुधाचं ईचारलंस. लेकीला तुझं भ्या न्हाई, तुलाच तुझं भ्या हाय."

मंग मला ईचारून त्यांनी ह्यांना आत बोलावलं आन् समदं सांगितलं. हौदाचं ऐकून ह्यांनी लेक छातीशी धरली. वाटलं आता माझ्याकडं देनार न्हाईत. मंग म्हनले, "बाई, ते औषध न्हाई तर न्हाई. पर ते बाजूला बसनं चालंल का?"

बाई म्हनल्या, ते तर लागतंच, तिकडं बी औषधासंगं मानूस लागतोच. काही दिवस हिला लेकीसंगं एकटं सोडू नका.

तवापासून सकाळी हे दुकान उशिरा उघडतेत. हौदावर पत्रा टाकलाय. लेकीला मी पायावर घेते, हे बाजूला पाटावर बसतेत, मोबाईल आत ठेवून. आत्या म्हनते, न्हाऊ घालायला आता साक्षीदार लागाय लागले. पैल्या दिवशी मी तांब्या भरला आन् तसाच धरून बसले. ह्यांनी त्या इडिओतल्यावानी ईचारलं, काय दिसून राहिलं? मी म्हनलं, हौद. हे उठले न्हाईत.

रोज ईचारतेत. गोळ्या चालू हायत, भ्या समदं गेलं न्हाई. काल बी ईचारलं.

"कानामागं साबन राहिलाय," मी म्हनलं, "तेवढा दिसून राहिला. पानी द्या."