टोपी काढून बसलेला चोर

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की माझ्या पोटात दुखतं. हे दुखणं डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हे, हेव्याचं आहे. ज्याचा हेवा वाटतो तो माणूस तर जन्मालाही आलेला नाही. तो कादंबरीतला खासगी डिटेक्टिव्ह होता.

तिसाव्या सालानंतरचा काळ. मी सोलापुरात फौजदार होतो. इंग्रजीवरून उतरवलेल्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांनी त्या वेळी शहराला वेड लावलं होतं. स्वस्त कागद, वेष्टणावर फेल्ट हॅट घातलेला माणूस, तोंडात सिगारेट, मागं अंधारी गल्ली. हा गडी अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरात एका खोलीचं ऑफिस टाकून बसलेला. खिशात पैसा नाही, जवळ मित्र नाही, जीभ मात्र वस्तऱ्यासारखी. लक्षाधीशाला तोंडावर "तू खोटं बोलतोस" म्हणायचा. गुंड त्याला धरून चोपायचे, की हा रक्त पुसून परत उभा. आणि त्या पुस्तकांतले पोलीस? ढेरपोटे, लाचखाऊ आणि डोक्यानं मठ्ठ! गिरणीतला जॉबर वाचायचा, शाळेतला मास्तर वाचायचा, आमचा हवालदारसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. रोज कुणाचं ना कुणाचं ऐकून घेणारी ही माणसं. कुणाचंच न ऐकणारा तो बाबा त्यांना आवडला तर नवल नव्हतं.

आमच्या घरात तर कहर होता. बायको बार्शीची, वाचनाची गोडी माहेराहून आणलेली. दुपारी शेजारच्या बायका जमवून ती मोठ्यानं वाचायची. एकदा मी उन्हातून घरी आलो, घामानं डगला पाठीला चिकटलेला, तर पाण्याचा तांब्या देता देता म्हणते कशी, "अहो, त्यानं नोटांचं पाकीट त्या शेटच्या अंगावर भिरकावलं बघा! पुरुष असावा तर असा."

"त्याला बदली नाही, साहेब नाही, पोरंबाळं नाहीत. मीसुद्धा भिरकावीन."

"तुम्हाला कुणी दिलंय भिरकावायला?"

माझा नुसता तिळपापड झाला. त्याची लक्तरं वेशीवर टांगायची म्हणून मी पुस्तकाचा पहिला भाग ठाण्यात नेला आणि गुन्ह्यांच्या रजिस्टरामागं धरून वाचला. सगळा तपास बेकायदा! पंचनामा नाही, पंच नाहीत, जबाबावर सही-अंगठा नाही. पण खोटं कशाला बोलू, एकदा हातात घेतल्यावर ते पुस्तक खाली ठेववलं नाही. त्यामुळं तर जास्तच चीड आली.

त्याच आठवड्यात एका चादरीच्या पेढीवर चोरी झाली. पेढीचे मालक मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, धंद्यात मराठी. मुलीच्या लग्नाचे दागिने सोनाराकडून आणून त्यांनी डबा पेढीच्या तिजोरीत ठेवला होता. दुपारी ते जेवायला घरी गेले. परत येऊन पाहतात तो तिजोरी उघडी, डबा गायब आणि त्यांचा जुना कारकून कपाळाला खोक पडून गादीवर आडवा. कारकुनानं जबाब दिला, की एक अनोळखी इसम आला, बोलण्यात गुंतवून त्यानं डोक्यात घाव घातला, गादीखालच्या किल्लीनं तिजोरी उघडली आणि डबा घेऊन गेला. पडल्या पडल्या दारातून दिसलं, की कोपऱ्यावर पेढीचा एक विणकर त्याची वाट पाहत उभा होता, दोघं मिळून गेले.

विणकराला आम्ही उचललं. तेलुगू घरातला तिशीचा माणूस, हातात कसब असलेला. जबाबात त्याचं नाव होतं, तो दुपारी पेढीच्या आसपास होता हेही खरं होतं. साहेबांना घाई होती. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढं उभा करायचा, रिमांड घ्यायचा आणि माल वसूल करायचा, असा हुकूम. वसुली कशी करतात हे मी इथं लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. त्याची बायको तान्हं लेकरू घेऊन ठाण्याच्या दारात बसली होती. "सायेब, हात मोडू नका त्याचं," एवढंच ती परत परत म्हणायची. "मारा, पन हात नको. मागावर बसायचं हाय त्याला."

मी कारकुनाचा जबाब पुन्हा वाचायला घेतला. त्यात एक वाक्य होतं: 'सदर इसमाने आत येऊन डोक्याची काळी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली व सिगारेट पेटवून हळू आवाजात बोलू लागला.' तिथं मी अडलो. हवालदाराला हाक मारली. हा सांगोल्याकडचा, वय झालेला माणूस.

"हवालदार, तुम्ही कुणाच्या पेढीवर गेलात तर काय काढता?"

"पायताण काढतो की."

"आणि डोक्यावरचा पटका?"

तो दचकलाच. "आवं, बोडक्या डोक्यानं कोन जातंय कुनाच्या दारात? घरात मयत झाल्यागत!"

हे बरोबर होतं. आपल्याकडं पाहुणा आत येताना पायातलं काढतो, डोक्यावरचं नाही. डोक्यावरचं काढून गुडघ्यावर ठेवणारा माणूस मी कुठंतरी पाहिला होता. कुठं, ते मात्र काही केल्या आठवेना.

आमचे खबरे गावभर पसरलेले होते, पण या प्रकरणातली खबर आली माझ्याच स्वयंपाकघरातून. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवायला घरी गेलो तर बायको फुरंगटलेली. कादंबरीचा दुसरा भाग मिळत नव्हता.

"वाचनालयात विचारलं मी. त्या चादरीच्या पेढीवरचा कारकून नेऊन बसलाय म्हणे. परत द्यायचं नाव नाही. गोष्ट अगदी रंगात आलीय आणि मेला दाबून बसलाय!"

हातातला घास हातातच राहिला. ती हॅट! पहिल्याच प्रकरणात तो डिटेक्टिव्ह शेटच्या दिवाणखान्यात येतो, हॅट काढून गुडघ्यावर ठेवतो, सिगारेट पेटवतो आणि हळू आवाजात बोलू लागतो. कारकुनानं हॅटची टोपी केली होती. ती डोक्यावरून काढायची साहेबी रीत तेवढी तशीच राहून गेली होती. मी ताटावरून उठलो. बायको मागून ओरडत होती, "अहो, निदान ताक तरी!"

कारकुनाला मी ठाण्यात बोलावलं. चहा पाजला. हात उगारण्याचं कारणच नव्हतं.

"पुन्हा सांगा बघू, तो आला तेव्हाचं. वहाणा कुठं काढल्या त्यानं?"

"वहाणा?" तो गडबडला. "लक्ष नव्हतं, साहेब."

"टोपीकडं होतं, वहाणांकडं नव्हतं? बरं. बसल्यावर काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमच्या मालकांशी जुनी ओळख आहे..."

"...आणि जुन्या ओळखी महाग पडतात," मी वाक्य पुरं केलं. "पहिला भाग, पहिलं प्रकरण. दुसरा भाग तुमच्या घरी आहे. माझी बायको त्याची वाट पाहतेय."

त्यानं कपबशी खाली ठेवली. मग जे बाहेर आलं त्यात दागिन्यांचा लोभ औषधालाही नव्हता. गोदामाची किल्ली वर्षानुवर्षं त्याच्या कमरेला होती. महिन्यापूर्वी मालकांनी ती काढून विणकराला दिली, वर चार माणसांत म्हणाले, "मालाची जाण ह्यालाच आहे." तेव्हापासून कारकुनाला अन्न गोड लागत नव्हतं.

"मी त्यांचा गुलाम होऊन राहिलो, साहेब," तो रडत म्हणाला. "आणि कालच्या पोराचं कौतुक! दिवसभर त्याचंच कौतुक ऐकायचं! तुम्हाला नाही कळायचं."

मला कळत नव्हतं? दिवसभर दुसऱ्याचं कौतुक ऐकणं काय असतं, हे त्या ठाण्यात माझ्याइतकं कुणाला कळत असेल? पण फौजदारानं आरोपीच्या गळ्यात गळा घालून रडायचं नसतं. मी म्हटलं, "डबा दाखवा."

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, आरोपीनं काढून दिलेला माल टिकतो. म्हणून दोन पंच घेऊन पेढीवर गेलो. परगावी पाठवायला शिवून ठेवलेल्या चादरींचा एक गठ्ठा त्यानं दाखवला. शिवण उसवली, मधल्या घडीत डबा निघाला. एक दागिना हललेला नव्हता. कपाळ त्यानं स्वतःच उंबऱ्यावर आपटून घेतलं होतं. मालक डबा छातीशी धरून कानडीत देवाचं नाव घेत राहिले. मग त्यांनी गोदामाच्या कुलपाकडं पाहिलं, कारकुनाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

कारकुनाच्या घराची झडती झाली. कादंबरीचा दुसरा भाग त्याच्या उशाखाली मिळाला, तो मी मुद्देमालात जमा केला.

विणकर शाबूत हातांनी सुटला. त्याची बायको माझ्या पाया पडली. तो मात्र हात जोडून, डोळे पुसत, अगदी मनापासून म्हणाला, "सायेब, तुमी तर कादंबरीतल्या डिटेक्टिव्हवानी केलं की!" दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजारात तेच. साहेबांनीही पाठ थोपटली ती त्याच हॅटवाल्याचं नाव घेऊन. तपास माझा, पंचनामा माझा, शाबासकी त्याला!

या प्रकरणानं मला एक शिकवलं, ते नोकरीभर उपयोगी पडलं. खोटं बोलणारा माणूस सगळं खोटं स्वतः रचत नाही, कुठून तरी उसनं आणतो. कुठून आणलं एवढं शोधायचं. मला ते सापडलं, कारण त्या हॅटवाल्यावर मी जळत होतो आणि जळता जळता त्याची ओळन् ओळ पाठ करून बसलो होतो. आता मला पेन्शन आहे, कवळी आहे, गुडघे धरतात. स्टेशनावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर तो अजून तसाच उभा असतो, हॅट तिरकी, सिगारेट पेटलेली. नवी पोरं नवे पैसे देऊन त्याला घरी नेतात.

माल सापडला त्या दिवशी रात्री मी घरी गेलो. भाकरी, शेंगाचटणी वाढून बायको समोर बसली. केस कशी सुटली ते मी रंगवून सांगायच्या बेतात होतो.

"दुसरा भाग कुठाय?" तिनं विचारलं.

"मुद्देमाल आहे. खटला संपेपर्यंत मिळायचा नाही."

"तुम्ही वाचलात?"

वाचला होता. संध्याकाळभर ठाण्यात, रजिस्टरामागं.

"मग सांगा की शेवट!"

मी सांगितला. खुनी सापडतो, शेट बक्षीस देऊ करतो, हा घेत नाही. हॅट घालतो आणि पावसात एकटाच आपल्या खोलीकडं चालत जातो. नोकरीच्या साऱ्या वर्षांत तिनं माझं बोलणं इतक्या तन्मयतेनं ऐकलं नव्हतं. संपलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे घरी कुणीच नाही त्याच्या?"

"नाही."

"मग जेवतो कुठं?"

"ते लिहिलेलं नाही."

"बिचारा!" ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले.

मी सकाळी अर्ध्या ताटावरून उठून गेलो होतो. दिवसभर उन्हात वणवण केली होती, एका निरपराध माणसाचे हात वाचवले होते. पुढं तीस वर्षं आम्ही संसार केला. माझ्या चार बदल्या झाल्या, दोनदा डोकं फुटलं. तिनं मलम लावलं, पट्ट्या बांधल्या, जागरणं केली. पण "बिचारा" म्हणाली नाही ती मला, एकदाही.