सॅम्पलची बाटली

कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं कटिंग मास्तर म्हणून काढलेला माणूस घरी बसतो, तेव्हा त्याची कात्री बसत नाही. आमच्या गल्लीतल्या मास्तरांचं तेच झालं होतं. निवृत्तीनंतर पहिल्या महिन्यात त्यांनी घरातल्या सगळ्या पडद्यांच्या कडा सरळ केल्या. दुसऱ्या महिन्यात पायपुसणी. तिसऱ्यात शेजाऱ्यांच्या कुंपणावरची वेल, ती कापायला कुणी सांगितलं नव्हतं. रोजचं वर्तमानपत्रसुद्धा वाचण्याआधी ते चारी बाजूंनी अर्धं सूत कापून घ्यायचे, कारण छापखान्याला म्हणे काटकोन ठाऊक नाही. शेवटी बायकोने मोठी कात्री पिठाच्या डब्यात लपवली. मास्तरांनी ती वासावर शोधून काढली.

त्यांच्या कामाची रीत समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. कारखान्यात वीस हात लांब टेबलावर कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा साचा ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि चाळीसही थर एका दमात कापायचे. सॅम्पल वरून मंजूर होऊन यायचं. एकदा ते आलं की प्रश्न विचारायचा नाही, पुढचं सगळं त्याच्या मापाने. वर सूतभर चुकलं तर खाली चाळीस वेळा चुकणार, म्हणून मास्तर हात ठेवण्याआधी तीनदा मोजायचे. एकतीस वर्षांत एक बंडल फुकट गेलं नाही. हे वाक्य ते स्वतः फार बोलत नसत. जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा, बस.

आता पोरीचं लग्न ठरलं होतं आणि मास्तरांना काही काम नव्हतं.

एकुलती एक पोर. तिच्या लग्नाचा पोशाख बापाने कापायचा हे मास्तरांनी ती पाळण्यात होती तेव्हाच ठरवलेलं. पोरीने तो दुकानातून तयार आणला. त्याबद्दल ती एवढंच म्हणाली की बाबांनी कापलेल्या कपड्यात श्वास घ्यायलासुद्धा त्यांची परवानगी लागते. सगळे हसले. मास्तरही हसले, मग आतल्या खोलीत जाऊन त्यांनी पोशाख उलटा केला आणि आतली शिवण टाक्याटाक्याने तपासली. हॉल जावयाच्या घरच्यांनी बघितला. जेवण मामाने, म्हणजे बायकोच्या भावाने, अंगावर घेतलं. मास्तर या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. बूड टेकेना. कुणी खुर्ची सरकवली तरी विचारत, काही कापायचंय का.

पोरीलाच त्यांची दया आली असावी. तिच्या डोक्यात फुलांचं एक खूळ होतं. बाजारातली, शीतपेटीतून आलेली, एका उंचीची, एका चेहऱ्याची फुलं तिला नको होती. गावाबाहेर पाण्याच्या टाकीमागे एका मावशींचा फुलशेतीचा तुकडा होता. दारात बादल्या ठेवलेल्या, आत जायचं आणि आपली फुलं आपण कापून आणायची. तिथली फुलं वेड्यावाकड्या बाटल्यांत, जणू टेबलावरच उगवली आहेत अशी मांडायची, असं तिचं चाललं होतं. आठ महिने तिने ओळखीपाळखीच्या घरांतून बाटल्या जमवल्या होत्या. सरबताच्या, तेलाच्या, मधाच्या बरण्या, एक तर शाईची. लेबलं भिजवून काढली, धुतल्या, खोक्यांत भरून हॉलवर पाठवल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिने फुलांचं काम मास्तरांवर सोपवलं. एवढंच एक काम. मास्तर एकदम दोन इंच उंच झाले.

"लांब देठांनी कापा, बाबा. पुढचं मी बघते."

"लांब म्हणजे किती?"

"लांब म्हणजे लांब."

हे काय माप झालं? मास्तर अस्वस्थ झाले. लांब म्हणजे लांब या मापाने त्यांनी आयुष्यात रुमालसुद्धा कापला नव्हता. पुन्हा विचारावं तर पोर फोनवर. मग त्यांची नजर खिडकीत गेली. तिथे एक बाटली राहून गेली होती. तपकिरी, बुटकी, खोकल्याच्या औषधाची. मास्तरांचा चेहरा खुलला. सॅम्पल मिळालं होतं. पट्टी लावली, उंची पाच इंच. वर चार इंच फूल दिसलं पाहिजे. म्हणजे एकूण नऊ. पाचाला नऊ म्हणजे लांबच की. तीनदा मोजलं आणि बाटली खिशात घालून निघाले.

मामाने व्हॅन काढली. वाटेत त्याने दोनदा विचारलं की भाऊजी, खिशात औषध घेऊन निघालात, तब्येत बरी आहे ना. मास्तरांनी खिसा वरून चाचपला, बाटली जागेवर होती.

ऊन उतरलं होतं. मावशींनी आधी बादल्यांत पाणी भरून दिलं, मग रीत सांगितली. त्या बोलताना हातातलं काम सोडत नसत, त्यामुळे अर्धं बोलणं मातीला आणि अर्धं माणसाला असायचं. झिनियाचं फूल तोडण्याआधी देठाला खाली धरून हलवायचं. मान डोलली तर ते कच्चं, सोडून द्यायचं. ताठ राहिली तर कापायचं. कच्चं कापलेलं फूल पाण्यात ठेवा नाहीतर दुधात, मान टाकतंच. डेलिया पूर्ण उमलली असेल तरच, कारण तिची कळी घरी नेऊन उमलत नाही. आणि एकेक बघायचं, म्हणाल्या, शेजारचं पिकलं म्हणून हे पिकत नाही.

मास्तरांनी पाच झिनिया हलवून बघितल्या. पाचही ताठ. लॉट पास झाला.

मग जे झालं ते मामा अजून सांगतो. मास्तरांनी ओळीच्या ओळी कापत नेल्या. चाळीस फुलं झाली की मळ्यातल्या बाकावर जुडी आडवी करायची, डोकी एका रेषेत ठोकून घ्यायची, पट्टीने नऊ इंच, खडूची खूण आणि मोठ्या कात्रीचा एकच घाव. बाजूला फूटफूटभर देठांचा ढीग पडत होता. मावशी दुसऱ्या गिऱ्हाइकांना सोडून लगबगीने आल्या आणि विचारू लागल्या की एवढी चांगली देठं का छाटताय. मास्तरांनी खिशातून बाटली काढून बाकावर ठेवली, मंजुरीचा कागद ठेवावा तशी. मावशींनी बाटलीकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि गिऱ्हाइकांकडे परत गेल्या. चाळीसच्या सहा जुड्या. दोनशे चाळीस फुलं, एकही सूतभर इकडेतिकडे नाही. घरी येताना मास्तर व्हॅनमध्ये शीळ घालत होते, जी त्यांना येत नाही.

हॉलवर संध्याकाळी सगळी खोकी उघडलेली होती. टेबलांवर साठ बाटल्या उभ्या. मास्तरांनी त्या पहिल्यांदाच एकत्र बघितल्या आणि दारातच थबकले. एक फुटाच्या, सव्वा फुटाच्या. त्यांच्या पायाशी कुठेतरी, पोराबाळांसारख्या, दहाबारा बुटक्या.

पोरीने बादलीतून एक लाल झिनिया उचलली आणि सरबताच्या उंच बाटलीत सोडली. फूल सरळ खाली गेलं आणि तळाशी जाऊन बसलं. काचेतून वर बघत राहिलं.

"भाऊजी," मामा म्हणाला, "विहिरीत पडलं की हो."

जमलेल्या काक्या, आत्या हसल्या. पोर हसली नाही. चिडलीही नाही, चिडली असती तर मास्तरांना सोसलं असतं. तिने दुसरं फूल घेतलं, तिसरं घेतलं. त्यातल्या एकाने तिच्या हातातच मान टाकली. तिने ते हळूच बादलीत परत ठेवलं.

"राहू द्या, बाबा. मी बघते काहीतरी."

राहू द्या. पोशाखाच्या वेळीही शब्द वेगळे असले तरी अर्थ हाच होता. मास्तरांना एकदम दिसलं की उद्या हॉलमध्ये दोनशे माणसं असतील, पोर त्यांच्या मधोमध असेल, आणि त्या सगळ्यात बापाच्या हातचा एक टाकाही नसेल. आता फूलही नाही. खिशातली बाटली मांडीला टोचत होती.

रात्र त्यांनी कशी काढली ते बायकोला विचारा. ती म्हणते, माणूस झोपेत पलंगाची लांबी मोजत होता.

उजाडता उजाडता मास्तर सायकलला दोन बादल्या अडकवून टाकीमागे हजर झाले. तुकडा न्हाव्याकडून आल्यासारखा दिसत होता. उमललेलं जे होतं ते त्यांनीच काल नेलेलं. उरल्या होत्या कळ्या आणि अगदी कडेला, तारेला लागून, एक ओळ. कमरेच्या वर गेलेली, दाट, कशीही वाढलेली. मास्तर तिकडे वळले तसा मावशींनी पाण्याचा नळ बंद केला.

"त्या ओळीला हात नाही. ती बियाण्याची आहे."

मास्तर थांबले. मावशींनी समजावून सांगितलं की पुढच्या वर्षीचा सगळा तुकडा त्या एका ओळीतून यायचाय. ती गेली तर पुढच्या वर्षी दारात नुसत्या बादल्या. मास्तरांना हे पटलं, आणि म्हणूनच जास्त कठीण झालं. ते बाकावर बसले, उठले, परत बसले. अकराला लग्न होतं. मग त्यांनी खिशातली बाटली काढून बाकावर ठेवली.

"चूक माझीच आहे, बाई. एक बघितलं आणि सगळ्यांना तेच माप लावलं."

हे बोलायला त्यांना एकतीस वर्षं लागली होती असं धरायला हरकत नाही. मावशींनी बाटली उचलून उलटीसुलटी करून बघितली. त्यांना हसू येत होतं की राग, ते कळायला मार्ग नव्हता.

"तीस," त्या म्हणाल्या. "एकतिसावं तोडलंत तर बादली उपडी करीन. आणि ती पट्टी, तो खडू, तुमची तलवार, सगळं जाईपर्यंत इथे ठेवायचं."

मास्तरांनी हत्यारं खाली ठेवली. मावशींनी त्यांच्या हातात आपली छोटी, गंजकी कात्री दिली. तिची धार बघून मास्तरांच्या काळजात चर्र झालं, पण बोलायची वेळ नव्हती.

तीस फुलांना पाऊण तास लागला. एकेक देठ धरायचं, हलवायचं, मान बघायची. डोललं तर सोडायचं. एवढं तर जमलं, पण पुढचं जमेना. कुठे कापायचं? मावशी लांबून म्हणायच्या, फांदी फुटते तिथे. आणि फांदी प्रत्येक फुलाची वेगळ्या ठिकाणी फुटत होती. एक हातभर, एक दीड हात, एक मध्येच. मास्तरांची बोटं पट्टीसाठी हवेत चाळवायची. घाम फुटला. एक केशरी फूल तर असं होतं की देठ आधी डावीकडे गेलेलं, मग विचार बदलून उजवीकडे. मास्तर त्याला ओलांडून पुढे गेले. दोन फुलं कापून परत आले. हलवून बघितलं. मान दगडासारखी ताठ. नाइलाजाने कापलं.

हॉलवर पोर डोक्याला टॉवेल गुंडाळून, डोळ्यांखाली काळं घेऊन टेबलांमध्ये उभी होती. रात्रीत तिने बुटक्या बाटल्या भरून टाकल्या होत्या आणि उंच बाटल्या भिंतीकडे तोंड करून ठेवाव्यात तशा कोपऱ्यात सारल्या होत्या. मास्तरांनी बादल्या खाली ठेवल्या आणि दोन पावलं मागे सरकले.

तिने ते केशरी, वाकडं फूल उचललं. सव्वा फुटाच्या बाटलीत ठेवलं. ते डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं आणि टेबलाच्या बाहेर डोकावून बघायला लागलं.

"हे कुणी कापलं?"

"मी."

पोरीने बापाकडे बघितलं. मग बादलीत बघितलं, तिथे तीस देठं तीस उंचीची होती. मग परत बापाकडे. ती हसली नाही, रडली नाही, तिला वेळ नव्हता. टॉवेल सावरत म्हणाली की कालच्या फुलांत अजून शंभर-सव्वाशे तरी ताठ आहेत, ती हॉलच्या चहाच्या कपांत घाला, ते तुम्हीच बघा, ते मला जमणार नाही.

मास्तरांनी एकेक फूल हलवून बघितलं आणि देठं पुन्हा छाटून सगळ्या टेबलांवर कप लावले. रांगेत, एका उंचीचे, एका अंतरावर. मधून उंच बाटल्यांतली ती तीस, कशीही. दोन्ही एकत्र बरी दिसत होती की वाईट, यावर आमच्या गल्लीत अजून दोन तट आहेत.

लग्न लागलं. लोक बसले, उठले, फोटो निघाले. मास्तर एका जागी नव्हते. कुठे पाणी कमी झालं, कुठे कप सरकला, यातच ते गुंतलेले. पोर नवऱ्याशेजारी उभी होती आणि तिच्या खांद्याच्या अगदी जवळ ते केशरी फूल आलं होतं. दुपारच्या उष्म्याने आणखी कलंडलेलं. प्रत्येक फोटोत ते मध्ये येणार होतं. दोन इंच. फक्त दोन इंच काढले असते तर सरळ झालं असतं. मास्तर पाहुण्यांमधून वाट काढत पुढे गेले आणि त्यांचा हात कोटाच्या खिशात गेला.

"बाबा," पोर ओठ न हलवता, फोटोसाठी हसत हसत म्हणाली, "खिशातून हात काढा."

मास्तरांनी हात काढला. रिकामा. आता त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. मागे धरला, पुढे धरला, कोटाचं बटण लावलं, काढलं. फोटोवाला म्हणाला, काका, स्थिर उभे राहा. तेवढ्यात पोरीने तो हात धरला आणि स्वतःच्या हातात घट्ट दाबून ठेवला.

त्या फोटोत सगळे सरळ बघतायत. मास्तर तेवढे तिरक्या नजरेने फुलाकडे.