सात वाव खोल तांबडी

गरिबाने बोटीवर बसून वाइन कशी प्यावी, या विषयात आमच्या बाबांइतका अभ्यास अख्ख्या ठाणे जिल्ह्यात कुणी केला नसेल. अभ्यास अशासाठी म्हणतो की डोकं फार चाललं आणि पोटात फार थोडी गेली.

तारापूरजवळ समुद्राला लागून आमचं गाव. सरकारची दारूबंदी असल्यामुळे गावात दारूला काही तोटा नव्हता. ताडी होती, झाडीत गाळलेली हातभट्टी होती, ती पिऊन पडलेली माणसंही होती. बाबा मात्र या सगळ्याला नाक मुरडायचे. ते तांडेल होते, म्हणजे आमच्या बोटीचे प्रमुख, सुकाणू त्यांच्या हातात. फिरंग्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं, राज्य होतं तेव्हा ते सुकी मासळी विकायला बोटीने दमणला जायचे. तिथल्या एका दुकानदारणीने कधीतरी त्यांना द्राक्षाची लाल दारू पाजली, आणि दिलेली बाटली त्यांनी परतताना बोटीवर हेलकावे खात संपवली. तेव्हापासून हा माणूस कामातून गेला. 'फिरंग्याची तांबडी' म्हणताना त्यांचा आवाज जसा मऊ व्हायचा तसा आमच्या आयचं नाव घेतानाही होत नसे. आणि वर हट्ट असा, की तांबडी प्यायची तर बोटीवरच. जमिनीवर ती आंबट लागते म्हणे!

बरं, प्यायची तर परवडली पाहिजे. पहिला मार्ग परमिटचा. त्यासाठी डॉक्टरने लिहून द्यायला हवं होतं की हा इसम दारूशिवाय जगणार नाही. बाबा भडकले. "मेलो तरी चालंल, पन मी बेवडा हाय असं सरकारला लिहून देनार नाय." दुसरा मार्ग त्यांनी स्वतः शोधला. पालघरच्या वैद्याकडून द्राक्षासव आणलं. द्राक्षं तीच, आंबवलेली तशीच, वर कायद्याची कटकट नाही. बोटीवर बसून त्यांनी दोन बाटल्या रिकाम्या केल्या. पोट स्वच्छ झालं, बाकी काही झालं नाही. तिसरा मार्ग मी सुचवला. तेव्हा आमच्याकडे विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि मी तिथल्या एका ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. परदेशी साहेब लोक यायचे, त्यांच्या पंगतीतली उरलीसुरली वाइन एक खानसामा विकायचा. त्याने जो भाव सांगितला त्यात नवं जाळं आलं असतं. "साहेबाची उष्टी, आनि ती पन सोन्याच्या भावात? थू!" बाबा म्हणाले, आणि तो विषय मिटला.

शेवटी मार्ग काढला आयने. फिरंगी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण दमणला दारू अजून उघड मिळत होती. आय म्हणाली, "घरात सुका बोंबील पडलाय, मांजरं खातात. तो न्या तुमच्या त्या दुकानदारणीला नि बाटल्या आना. पैसा कशाला लागतो?" इतकी वर्षं बाबा, थोरला भाऊ आणि मी असे आम्ही तिघे पुरुष डोकं खाजवत होतो आणि या बाईने चुलीपुढून न उठता प्रश्न सोडवला. अट एकच, एक पेला तिच्यासाठी राखायचा.

आता यातली खरी गोष्ट सांगतो. बाबांचे डोळे गेले होते. पूर्ण नव्हेत, पण मोतीबिंदूने दोन्ही डोळ्यांवर पडदा धरला होता आणि ते कबूल करत नव्हते. "काय दिसतंय रे समोर?" असं विचारायचे, जणू आमची परीक्षा घेतायत. आम्ही उत्तर द्यायचो, आणि ते "बरोबर" म्हणायचे! त्या हिवाळ्यात त्यांनी बोट सरळ शेजाऱ्यांच्या जाळ्याच्या खुंटांवर घातली. जाळं फाटलं, शिव्या खाल्ल्या, बोट थोडक्यात वाचली. त्या दिवशी दादाने, माझ्या थोरल्या भावाने, पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाबा, आता सुकाण माझ्याकडं द्या. सगळ्यांना घेऊन बुडाल एक दिवस." बाबा आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मला दोघांचाही राग यायचा. दादाचं खरं होतं म्हणून, आणि बाबांच्या हातात सुकाणू नसेल तर ते घरात बसून काय करतील हे मला बघवणार नव्हतं म्हणून.

दमणला जाताना सुकाणू बाबांकडेच होतं. पहाटे सुटलो, दुपार कलताना पोचलो. ती दुकानदारीण आता म्हातारी झाली होती. तिने बोंबलाचा वास घेतला, बाबांकडे बघून हसली आणि टोपलीच्या बदल्यात सहा बाटल्या दिल्या. मला वाटतं पाचाचाच सौदा होता, सहावी जुन्या ओळखीची असावी. बाबांनी तिला माझी ओळख "हा शिकलेला" अशी करून दिली आणि दादाची करून दिलीच नाही.

दुसऱ्या दिवशी परत निघालो ते असा वारा सुटला की तिघांचेही हात दोरांना जखडलेले. बाटल्या पायाशी गवतात लोळतायत आणि एकाचाही हात मोकळा नाही! वारा पडला तेव्हा गाव समोर होतं. बाबा म्हणाले, "आता आपल्या पान्यात आलो. उतरवा शीड नि काढा पेले." आणि नेमकं तेव्हा दादाला खाडीच्या तोंडाशी सरकारी लाँच उभी दिसली. येणाऱ्या बोटी तपासत होती.

सरकारी ठेक्यावरची नोकरी, पकडलो तर गेलीच. मी म्हणालो, फेकून द्या. बाबांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या शेजारच्या डोलकाठीकडे, बघून डोळे वटारले. "बुडवा," ते म्हणाले. "नंतर काढू."

आमच्याकडे हे काही नवीन नव्हतं. वस्तू टोपलीत घालून दगडाने बुडवायची, तिला लांब दोर बांधून तो तळावर आडवा पसरायचा. नंतर येऊन छोटा नांगर तळावरून ओढला की दोर अडकतो. वर तरंगतं काही ठेवायचं नाही, नाहीतर दुसराच कुणी ओढून नेतो. जागा लक्षात ठेवायची ती किनाऱ्यावरच्या खुणांनी. दोन वस्तू एकीमागे एक आल्या की ती झाली एक रेघ. दुसरीकडच्या दोन वस्तूंची दुसरी रेघ. दोन्ही जिथे मिळतात तिथे आपला माल.

खोली मोजायला दादाने दोराला बांधलेलं शिसं सोडलं. "सात वाव," तो म्हणाला. एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी. शिशाच्या बुडाला खाच असते, तिच्यात साबण भरतात, म्हणजे तळाचा गाळ चिकटून येतो. बाबांनी तो बोटांत चोळला, नाकाशी धरला. मग मला म्हणाले, "खुना सांग."

किल्ल्याचा बुरूज आणि त्यामागचा एकटा माड एका रेषेत होते. ही एक झाली. दुसरी म्हणजे देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरातली खिंड. पण डोंगर धुरकट हवेत गडप झालेला. मात्र आमच्या साइटवरची उंचच्या उंच क्रेन लखलखीत दिसत होती, आणि ती बरोब्बर कळसाच्या मागे आली होती. मला काय आनंद झाला! "कळसावर क्रेन," मी म्हणालो.

"ती उभी हाय ना तिथं?" बाबांनी विचारलं.

"उभी हाय."

टोपली गेली खाली. लाँचवाल्यांना आमच्या बोटीत गवत आणि तीन साळसूद चेहरे सापडले.

घरी आल्यावर आयने आधी तिचा पेला मागितला, मग तो समुद्रात आहे हे कळल्यावर आम्हाला जे काही सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. त्यातच दादा बोलून गेला, "बाबांना आता काय सापडनार? नांगर टाकायची जागा तरी दिसंल का?" बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "सापडली तर सुकाण माझं. परत तोंड उघडायचं नाय. नाय सापडली तर तुझं." दादा म्हणाला, "कबूल." आय म्हणाली, "माझा पेला कुनाच्याही पैजेत नाय हां!"

खुणा माझ्या डोळ्यांनी घेतलेल्या, म्हणून माझ्या सुट्टीपर्यंत थांबलो. रविवारी सकाळी निघालो. लाँच गेली होती, समुद्र शांत. मी पुढे उभा राहून "अजून डावीकडं, अजून थोडं, बस!" असा हुकूम सोडत होतो. बुरजावर माड, कळसावर क्रेन. नांगर टाकला, ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. चिखल. तासभर आम्ही समुद्राचा तळ नांगरत होतो, पेरणी तेवढी राहिली होती.

दादा एकही टोमणा न मारता दोर ओढत होता, आणि तेच बाबांना जास्त लागत होतं. मी पुन्हा किनाऱ्याकडे बघितलं आणि मला ग्रीसचे डबे आठवले.

क्रेन रुळांवर चालायची. तिचं तेच काम होतं. त्याच आठवड्यात ती पुढच्या इमारतीकडे सरकवली होती, आणि तिच्या चाकांसाठी ग्रीसचे डबे स्टोअरमधून मी स्वतः काढून दिले होते. स्वतः, या हातांनी! साइटवर असताना मला माहीत होतं की ती चालते. पण बोटीत पाय ठेवला की आमचं डोकं बापजाद्यांचं होतं. किनाऱ्यावर जे उभं आहे ते जन्मभर उभंच असणार, देऊळ काय, डोंगर काय, क्रेन काय.

"बाबा," मी म्हणालो, "क्रेन सरकलीय."

मग दादा हसत सुटला, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबा हसले नाहीत. "शिकलेला गाढव!" ते ओरडले. "याला मॅट्रिक करायला मी दोन वर्सं शीड फाटकं वापरलं!"

दादाने डोळे पुसले. "चूक याची हाय. पैज गेली उडत. चला घरी."

"उडत कशाला जाईल?" बाबा म्हणाले. "बुरूज चालला नाय ना? त्या रेघंवर ठेवा बोट. आनि शिसं टाका."

मग जे झालं ते मी विसरणार नाही. बुरूज आणि माड एका रेषेत धरून आम्ही हळूहळू त्या रेघेवरून सरकत होतो. दादा शिसं टाकायचा, किती वाव ते सांगायचा, बाबा खाचेतला गाळ चाचपायचे. "ही वाळू. पुढं." "हा नुसता चिखल. पुढं." एकदा तर त्यांनी गाळ जिभेवर ठेवला आणि थुंकले. मला किळस आली, खोटं कशाला बोलू. पुन्हा शिसं गेलं. "आठ वाव," दादा म्हणाला. "भरती हाय, म्हंजे त्या दिवशीचे सातच," बाबा पुटपुटले. त्यांनी गाळ बोटांत चोळला. काळा चिखल आणि त्यात शिंपल्यांचा बारीक चुरा. "इथं," ते म्हणाले. "टाक नांगर."

दुसऱ्या ओढीला दोर अडकला. टोपली वर आली तेव्हा मी लहान पोरासारखा किंचाळलो. पाच बाटल्या शाबूत, एक फुटलेली. "फुटली ती दर्याची," बाबा म्हणाले. "त्यानं आपला वाटा आधीच घेतला." दादाने बाटल्या एक एक पुसून फळीवर मांडल्या आणि बाबांच्या पाया पडला. हरल्याचं तोंड केलं नाही.

बोट नांगरून आम्ही तिघे मागच्या बाजूला बसलो. आयच्या नावाची बाटली वेगळी ठेवली. आमच्याकडे बोटीवर काही प्यायचं झालं की ओततो तो तांडेल, दुसऱ्या कुणी बाटलीला हात लावायचा नाही. बाबांनी बूच काढलं, वास घेतला, डोळे मिटले. दादाने जर्मनचा पेला पुढे धरला. बाबांनी ओतली आणि धार पेल्याच्या चार बोटं अलीकडे, त्यांच्याच पायावर पडली. दादाने आवाज न करता पेला धारेखाली सरकवला. माझ्या वेळी मीही तेच केलं.

प्यायलो. आंबट होती! मी इतक्या आंबट वस्तूसाठी नोकरी पणाला लावली होती. दादाचंही तोंड वाकडं झालं. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र असं सुख होतं की आम्ही दोघेही "झकास" म्हणालो.

त्यांनी दुसऱ्यांदा बाटली उचलली. दादाने पेला धरला, धार पुन्हा अलीकडे आली, पण या वेळी ती पायावर पडायच्या आत दादाने पेला खाली नेला. बाबांनी बाटली सरळ केली.

"मघाशी माझ्या पायावर पडली होती," ते म्हणाले. "आता मुद्दाम तिथंच ओतली. पायावर एक थेंब पडला नाय."

दादाने पेला फळीवर ठेवला.

"कधीपासून सांभाळतोस असं?"

"दोन वर्सं झाली." दादा म्हणाला. "तुमी सुकाण चुकीचं फिरवलंत की मी शीड ओढून बोट फिरवतो. त्या खुंटांच्या दिवशी हातातनं दोर सुटला."

बाबांनी बाटली चाचपत खाली ठेवली. मला वाटलं आता शिव्या देतील. मला रडू येत होतं आणि मी ते आंबट तांबडीच्या घोटाबरोबर गिळत होतो.

"पैज मी जिंकलोय," ते म्हणाले. "गावात तसंच सांगायचं. सुकाण तू घेतलं नायस, मी दिलं."

"सांगतो," दादा म्हणाला.

त्यांनी दादाचा हात शोधला, धरून सुकाणूवर ठेवला आणि वरून क्षणभर दाबला. मग बोटीची कड धरत धरत ते पुढे गेले, आणि आजवर जिथे कधी बसले नव्हते त्या पुढच्या टोकाशी, आमच्याकडे पाठ करून बसले.