देवीचं कुंकू पुसत नाहीत

भडभुंजे हे मास्तरांचं आडनाव नव्हे, ते आम्ही ठेवलेलं नाव. कढईत लाह्या फुटाव्यात तसे ते वर्गात तडतडत, आणि कारण काय, तर एक ऱ्हस्व वेलांटी. मी एकदा ‘पाणि’ लिहिलं. “पाणि म्हणजे हात, बये. तहान लागली की हात पिणार का?” असं म्हणून त्यांनी वही माझ्यासमोर आपटली. छडी मात्र कपाटावर धूळ खात असे. कुणाच्या अंगाला त्यांनी कधी बोट लावलं नाही.

चिंचवडजवळच्या आमच्या गावातल्या शाळेची सहल त्यांनी गोव्याला काढली. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं, म्हणून कचेरीनं फळ्यावर ‘परदेश सहल’ असं लिहिलं. मास्तरांनी ‘परदेश’ पुसला. कारकुनानं पुन्हा लिहिला, यांनी पुन्हा पुसला. “आपल्याच घरात दुसरा घुसला, तर घर परकं होतं होय रे?” कारकून बिचारा खडू ठेवून चहाला गेला.

आम्ही तिघीच मुली होतो. आमच्यासाठी मास्तरांची बायको सोबत आली, तिला आम्ही काकू म्हणायचो. आईनं माझ्या पिशवीत खण, नारळ आणि कुंकवाची पुडी घातली होती. “पयली जी देवी भेटंल, तिची ओटी भर. इसरू नको,” असं तिनं चारदा बजावलं.

पहिली देवी भेटली ती एका संग्रहालयात. एक हात तुटलेला, पायाशी नंबराची चिठ्ठी. आमच्याकडे वाटेवरच्या धोंड्यालाही शेंदूर लागतो. संग्रहालयातली देवी ही देवी नसते, हे मला कोण सांगणार? मी चपला काढल्या, कुंकू लावलं, ओटी भरली आणि मनापासून नमस्कार केला. नात परवा शाळेबरोबर सिंगापूरला जाऊन आली. ‘माझे आवडते संग्रहालय’ असा निबंध लिहिताना मला विचारत होती, आजी तुझं कुठलं? माझं हेच.

राखणदार ओरडत आला, मागून गोरा साहेब. राखणदार त्याचं बोलणं कोकणीत सांगू लागला, की ओल्या फडक्यानं पुसा आणि माफी मागा. मला वाटलं, आता लाह्या फुटणार. पण मास्तर हळूच बोलले. “देवीचं कुंकू पुसत नाहीत. आणि माफी तुम्ही मागा, तिला नंबर दिलात म्हणून.”

कुणी लावलं, असं साहेबानं विचारलं. माझी बोटं लाल होती. काकूंनी माझा हात पदरात घेतला आणि मास्तर म्हणाले, “मी लावलं.”

त्यांना संध्याकाळपर्यंत चौकीत बसवलं. आमची गाडी चुकली, आम्ही एक दिवस उशिरा घरी आलो.

तेवढं निमित्त शाळेच्या मंडळाला पुरलं. अध्यक्षांच्या कानावर आलं होतं की हे एका मुलीनं केलं. “तिचं नाव सांगा, म्हणजे तिला शाळेतून काढतो. नाही तर तुम्ही लेखी माफी द्या.” साहेबानं मागितली ती माफी आमच्याच माणसांनी मागावी! त्या अध्यक्षांचा मला आजही संताप येतो. मास्तर एवढंच म्हणाले, “कुंकू मी लावलं. आणि माफी लिहिणार नाही.” त्यांना नारळ मिळाला.

माझ्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, शाळा सुटली की लग्न. तरी मी मास्तरांच्या घरी गेले. काकू भांडी पोत्यात भरत होत्या. मी म्हटलं, “मास्तर, मी खरं सांगून टाकते.”

“गप्प बस. मला दुसरी शाळा मिळेल. तुला कुठली मिळणार आहे?”

आणि मी गप्प बसले. अध्यक्षांवरचा राग एक वेळ गिळेन, पण हा माझा माझ्यावरचा आहे, तो गिळवत नाही.

दुसरी शाळा त्यांना मिळाली नाही. मी मॅट्रिक झाले तेव्हा ते पिंपरीला एका नव्या कारखान्याच्या फाटकावर कामगारांची हजेरी लिहीत होते. मी पेढे घेऊन गेले. पुढ्यात सही करणाऱ्या कामगाराला ते सांगत होते, “विठ्ठलाला दुसरी वेलांटी नसते, राव. स्वतःच्या नावाची तरी लाज राख.” तो हसत होता. मला मात्र रडू आलं. मी पाया पडले आणि म्हणाले, “मला माफ करा, मास्तर.”

कितीतरी वर्षांनी ते तडतडले. “माफी? अगं, माफी लिहायची नाही म्हणून मी इथं फाटकावर बसलोय, आणि तू आयती आणून देतेस? मराठीत किती मिळाले ते सांग.”

मी सांगितले.

“मग इथं काय करतेस? कॉलेजात नाव घाल जा. रांग अडलीय माझी.”

भोंगा झाला. मी पेढे हजेरीबुकाशेजारी ठेवले आणि घरी न जाता सरळ पुण्याची गाडी पकडली.