आमच्या बाबांचा बाक
तापलेल्या सिमेंटवर पाणी पडल्याचा वास आला की मला आमच्या प्रताप नगरातल्या बागेची पहिली संध्याकाळ आठवते. महापालिकेने जागा आणि कुंपण दिलं, आमदारांनी फाटक आणि फाटकाहून मोठी स्वतःच्या नावाची पाटी दिली, आणि तेवढ्यात निधी संपला. म्हणून बाक रहिवाशांनी आपापल्या दिवंगतांच्या नावे द्यायचे ठरलं. मी माझ्या वडिलांच्या नावाने दिला, शेजाऱ्याने त्याच्या. ठेकेदाराने त्याचा बाक बागेतल्या एकुलत्या एक कडुनिंबाखाली बसवला आणि आमचा भिंतीलगत, जिथे मे महिन्यातलं ऊन मावळेपर्यंत मुक्काम करतं. उद्घाटनाची भाषणं संपली तशी सगळी कॉलनी कडुनिंबाखाली जमली. मी बाटलीतलं पाणी आमच्या बाकावर ओतलं, ते बघता बघता वाळलं, तरी आईला तिथेच बसवलं आणि मीही बसलो. "काहून उन्हात बसता, भाऊ?" शेजारी तिकडून म्हणाला. "या ना, आमच्या बाबांजवळ बसा." "आम्हाले चालते ऊन," मी म्हणालो. "तुले चालत असन," आई म्हणाली, "मले चटके बसून राहिले." ती उठली, त्याच्या वडिलांच्या नावाला पाठ टेकून ऐसपैस बसली, आणि बाक फार छान झाला असंही तिने त्याला सांगितलं. आता दर वर्षी पावसाळ्याआधी महापालिकेची माणसं फांद्या छाटायला येतात. त्यांचा चहा आमच्याकडून असतो, आणि कडुनिंब कुठे आहे ते मी स्वतः जाऊन दाखवतो.